जादा तासाला कोण बसणार?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



मुलींच्या शिक्षणावर बोलताना आपण बहुतेक वेळा शाळा सुटलेल्या मुलींबद्दल बोलतो. आज मी शाळेत नियमित जाणाऱ्या, बरे गुण मिळवणाऱ्या मुलीबद्दल बोलणार आहे. आठवीत तिच्या घरी एक प्रश्न उभा राहतो. शाळेच्या जादा तासाला तिनं बसायचं की नाही?

हे जादा तास बऱ्याच शाळांत एनएमएमएस परीक्षेसाठी घेतात. सरकारी, अनुदानित आणि जिल्हा परिषद-नगरपालिकांच्या शाळांतल्या मुलांसाठी ही परीक्षा असते. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे प्रत्येकी नव्वद प्रश्नांचे दोन पेपर. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात. २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आठवीपर्यंतच सोबत करतो. त्याची हमी संपते तिथून ही शिष्यवृत्ती सुरू होते, आणि नेमकी तिथूनच घरात लग्नाची बोलणीही सुरू होतात. म्हणून हा प्रश्न छोटा नाही.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतली एक आई शाळेची चिठ्ठी घेऊन आली. मुलीची निवड जादा तासाला झाली होती, वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा. ती म्हणाली, "ताई, पाचलाच नळ येतो. मी कामावरून सातला येते. पाणी कोण भरणार? आणि अंधारात ही एकटी कशी येणार?"

मी काय केलं? कागद घेतला, बारा हजार गुणिले चार केलं आणि ४८,००० चा आकडा वडिलांपुढे ठेवला. घर लगेच राजी झालं. मीही खूश झाले.

पंधरा दिवसांनी ती मुलगी नळावर भेटली. तास करून धावत आली होती, हंडा रांगेत होता. मला म्हणाली, "ताई, नाही मिळाली तर माझी शाळा बंद करतील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर ती नववीत जाणार हे घरानं धरून चाललेलं होतं. मी पैशाचा आकडा दाखवला आणि तिची नववी निकालावर टांगून ठेवली. शिवाय या सगळ्यात तिला काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मुलगी आणि तिचा सहावीतला भाऊही होता. तिला विचारलं. तिला बसायचं होतं, गणित आवडत होतं. पण तास, पाणी आणि भाकरी असं तिन्ही जमत नव्हतं, पुस्तक हातात घेतलं की झोप यायची. शाळेनं वेळ बदलायला नकार दिला होता. मग ठरलं की पाणी भाऊ भरेल. "पोरं हसतील" म्हणून तो कुरकुरला, पण भरू लागला. वस्तीतल्या तिघी मुली एकत्र परत येऊ लागल्या, कोपऱ्यावर एकीची आजी थांबू लागली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, निकाल काहीही लागो, नववीला नाव घालायचंच, असा शब्द वडिलांनी सगळ्यांसमोर दिला.

निकाल लागला. तिघींपैकी एकीची निवड झाली, या मुलीची झाली नाही. वडील चिडले, "वर्ष फुकट गेलं" म्हणाले. आईनं त्यांना शब्दाची आठवण दिली. आज मुलगी नववीत आहे. भाऊ अजून पाणी भरतो, रोज नाही, पण भरतो.

यातून मी काय शिकले? जादा तासाचा निर्णय केवळ हुशारीवर होत नाही. मुलीचा वेळ घरात कोणाच्या मालकीचा आहे, यावर तो होतो. मुलाला जादा तास असला की त्याला चहा करून देतात. मुलीला असला की ती आधी चहा करून जाते. तिच्यावरचं काम कमी न करता तिला तासाला बसवणं म्हणजे तिच्या पाठीवर आणखी एक हंडा देणं.

दुसरं, शाळेनं निवडलेल्यांनाच अर्ज भरता येतो, असा समज मोडायला हवा. सातवीला ५५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०, आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आठवीतली पात्र मुलगी अर्ज भरू शकते. घरकामामुळे जिची हजेरी कमी, ती शिक्षकांच्या नजरेत 'हुशार' ठरत नाही. तिच्यासाठी मुख्याध्यापकांकडे आपण जायचं, आणि एकेकटीनं न जाता चार आयांनी मिळून जायचं.

तिसरं, एखाद्या मुलीनं "मला नाही बसायचं" म्हटलं, तर तिला मागास ठरवू नका. कारण विचारा. कारण काम किंवा भीती असेल तर ते दूर करू. खरोखर तिची इच्छा नसेल, तर तेही मान्य करू.

देशभरात दरवर्षी अशा एक लाख शिष्यवृत्त्या आहेत. आठवीत शिकणाऱ्या मुली त्याच्या कितीतरी पट. बहुतेकींना ती मिळणार नाही, आणि पुढं शिकण्याचा हक्क मात्र त्या सगळ्यांचा आहे. तेव्हा आपल्या गटातल्या आठवीतल्या मुलींच्या घरी जाल, तेव्हा शिष्यवृत्तीची माहिती जरूर द्या. पण नववीचा शब्द आधी घ्या, पैशाचा आकडा नंतर सांगा. मी उलटं केलं होतं.