पापुद्रा किती तास सुकवला?



 आमच्या पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जवळच सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी संस्था आहे. बॅटरीच्या कामासाठी आलेला माणूस या शहरात परका राहत नाही.

लिथियम बॅटरीतला आयन वाहून नेणारा द्रव ज्वालाग्राही असतो. त्याच्या जागी घन पापुद्रा बसवण्याची धडपड जुनी आहे. पॉलिइथिलीन ऑक्साइड हे बहुवारिक (पॉलिमर) अल्कली धातूंच्या क्षारांना सामावून घेते, हे पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये शेफील्डहून जगापुढे मांडले. त्यातून बॅटरी होईल, हे मिशेल आर्माँ यांनी १९७८ मध्ये सुचवले. पण बहुवारिकाच्या साखळ्या हलल्या तरच लिथियम आयन पुढे सरकतो आणि सुमारे ६५ अंशांच्या खाली त्या बऱ्याच अंशी स्फटिकात आखडून बसतात. पॅरिसमध्ये २०११ पासून धावलेल्या ब्ल्यूकार या विजेवरच्या मोटारींच्या, याच बहुवारिकाच्या बॅटऱ्या म्हणूनच गरम ठेवाव्या लागत.

मग आली संमिश्राची वाट. रोममध्ये क्रोचे, स्क्रोसाती आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइड व ॲल्युमिनाचे नॅनोकण या बहुवारिकात मिसळले आणि स्फटिकीभवन रोखले. त्यांचा १९९८ चा निबंध वाचून आमच्या पिढीतले कितीतरी जण या विषयाकडे वळले. मीही त्यांतलाच.

एक अनुभव सांगतो. जुलै महिना होता. माझ्या विद्यार्थिनीने ॲसिटोनायट्राइलमध्ये बहुवारिक आणि लिथियमचा क्षार विरघळवला, ॲल्युमिना घातली, रात्रभर ढवळले आणि मिश्रण टेफ्लॉनच्या ताटलीत ओतले. दोन दिवसांनी पापुद्रा सुटला; नितळ, पण बोटाला किंचित चिकटणारा. वाहकता मोजली तर आकडा अपेक्षेपेक्षा कितीतरी वर. आम्ही हरखून गेलो. मग तोच पापुद्रा निर्वात भट्टीत पुन्हा सुकवला आणि आकडा थेट खाली आला. आम्ही मोजली होती ती पुण्याच्या पावसाची ओल. ती विद्यार्थिनी त्या दिवशी जे शिकली, ते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकवता आले नव्हते.

तेव्हापासून कोणताही शोधनिबंध हातात आला की मी वाहकतेच्या आलेखाआधी कृतीचा परिच्छेद वाचतो. पापुद्र्याची जाडी किती, तो कितव्या अंशाला आणि किती तास सुकवला, आर्गॉनच्या पेटीत ठेवला की बाकावर, हे तिथे नसेल तर पुढचा आकडा कितीही देखणा असो, माझा त्यावर विश्वास बसत नाही. बहुवारिकातली ॲल्युमिनासारखी भुकटी वाढवत नेली की कणांच्या गुठळ्या होतात आणि वाहकता पुन्हा घसरते. तो घसरलेला बिंदूही आलेखावर दिसला पाहिजे. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मुलाचे सहा महिने त्यावरून वाचतात.

म्हणून तरुण मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे: उद्याच्या भित्तिपत्रक सत्रात प्रत्येक आकड्याशेजारी सुकवण्याचे तास लिहा. आणि ज्यांचे पापुद्रे फसले, त्यांनी ते सोबत आणले असतील तर जरूर मांडा. त्यांच्यासाठी सभागृहाची दाराजवळची भिंत आम्ही मोकळी ठेवली आहे.