तिसऱ्या दिवसानंतरचा पाहुणा

(न्यू जर्सी येथील आपल्या मंदिराच्या सभागृहात आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे म्हण आहे, ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.’ मी मात्र एका अनोळखी घरात दहा महिने राहिले. निघताना त्या घरातली माणसं रडली. त्या दहा महिन्यांबद्दल थोडं सांगते आणि मग तुमच्यापुढे पदर पसरते.

१९७७ साली मिरजेत बारावी झाल्यावर विद्यार्थी-विनिमय योजनेतून मी ओहायोतल्या एका शेतकरी कुटुंबात आले. वैद्यकीय शिक्षण त्यानंतरचं. घरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, काय खात नाहीस? दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या कामांच्या तक्त्यात त्यांच्या तीन मुलांच्या खाली माझं नाव आलं. सोमवारी भांडी पुसायची, गुरुवारी कोंबड्यांची अंडी गोळा करायची. मला नवल वाटलं, कारण आपल्याकडे पाहुण्याला पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत. पण ज्याला काम सांगतात तो घरचा असतो, हे मला त्या तक्त्याने शिकवलं.

नोव्हेंबरात संध्याकाळी पाचलाच अंधारायचं. घरचं पत्र यायला दोन आठवडे लागायचे. ट्रंक कॉल परवडायचा नाही. माझं पोट दुखू लागलं. गावातल्या डॉक्टरांना तपासून काही सापडलं नाही. तेव्हा त्या बाईंनी मला ओट्याशी उभं केलं आणि म्हणाल्या, तुझ्या आईचा एखादा पदार्थ कर. रवा कुठून आणणार? क्रीम ऑफ व्हीटचा शिरा केला. सगळ्यांनी दोनदा मागून घेतला. पोटदुखी हळूहळू थांबली. पुढे प्रॅक्टिसमध्ये घर सोडून आलेली कितीतरी मुलं पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं घेऊन आली. आधी तपासण्या करायच्याच, आजार सुटता कामा नये. पण तपासण्या नीट आल्या, की मी विचारायची, रात्री जेवायला सोबत कोण असतं?

परक्या मुलाला घरात घेणं आपल्याला नवं नाही. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आणि आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरल्या, तेव्हा त्यांना घर दिलं ते इथूनच जवळ, रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी. नातं नाही, धर्म एक नाही, ओळख फक्त पत्रांची. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. कार्पेंटर मावशींच्या घराने तो शब्द पाळू दिला. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, १८८७ साली गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. मी तिथे जाऊन हात जोडून आले आहे.

आता आजचं. शाळकरी मुलांच्या या योजनांमध्ये ‘एएफएस’ ही जुनी संस्था. १९१५ साली पहिल्या महायुद्धात जखमींच्या रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांची ती संघटना. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून त्यांनी विद्यार्थी आणायला सुरुवात केली. ‘येस’ ही अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती २००२ साली सुरू झाली. तिच्यात मुख्यतः मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतली मुलं येतात, भारतातलीही येतात.

या मुलांसाठी नियम कडक आहेत. घर ठरल्याशिवाय मुलाला मायदेशातून निघता येत नाही. नातेवाइकांकडे ठेवता येत नाही. यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. घरातल्या १८ वर्षांवरील प्रत्येकाची पोलीस-नोंद तपासली जाते आणि संस्थेची माणसं घरी येऊन सर्वांशी बोलतात. मुलाला स्वतःचा पलंग हवा. खोली समवयस्क, त्याच लिंगाच्या एका मुलासोबत वाटून चालते. संस्थेच्या स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला मुलाशी संपर्क ठेवायचा असतो. मुलाला काही खटकलं, तर ते सांगायला घराबाहेरचं माणूस असावं यासाठी हा नियम आहे, आणि तो फार चांगला आहे.

डॉक्टर म्हणून तीन गोष्टी सांगते. एक, लसींची नोंद इंग्रजीत, तारखांसह आणायला सांगा. ती पाहिल्याशिवाय शाळा प्रवेशात अडचण येते. दोन, आपल्याकडच्या मुलांना बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी फसवी येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीन, यजमान कायद्याने पालक नसतात. उपचारांसाठी आई-वडिलांचं सहीचं संमतिपत्र घरात हाताशी ठेवा.

आता मागणं. ज्यांची मुलं शिकायला बाहेर गेली आहेत, त्यांच्या खोल्या रिकाम्या आहेत. त्यांनी एका वर्षासाठी यजमान व्हायचा विचार करावा. मूल कदाचित इंडोनेशियाचं असेल, घानाचं असेल. त्याच्या नमाजाला एक कोपरा द्यावा लागेल. मला ओहायोत रविवारी विचारायचे, चर्चला येतेस का? आले तर जागा करून द्यायचे, नाही आले तर जेवायला थांबायचे. एवढंच आपण करायचं आहे.

ज्यांना वर्ष जमणार नाही त्यांनी वार लावावा. आपल्या भागात अशी मुलं आलेली आहेत. त्यांच्या यजमानांच्या आणि समन्वयकांच्या संमतीने महिन्यातला एक रविवार जेवायला बोलवा. आणि जेवण झाल्यावर त्यांच्या हातात भांडी पुसायचं फडकं द्या.

नावं मंदिराच्या कार्यालयात नोंदवावीत. मी दर रविवारी आरतीनंतर तिथे बसते. शंका असतील त्या जरूर विचाराव्यात.