धर्माचे तंटे आणि कुळाची जमीन



आज आम्ही तुम्हांला पूर्व आफ्रिकेंतील युगांडा देशाची हकीकत सांगणार आहों. देश दूरचा खरा, पण ज्याच्या हातीं कुदळ आहे त्यानें ती जरूर ऐकावी.

तेथील बुगांडा राज्यांत लोक आपल्या जुन्या देवतांस भजत. झांजीबारकडील व्यापाऱ्यांनीं तेथें इस्लाम नेला. १८७७ सालीं विलायतेचे प्रॉटेस्टंट मिशनरी आले, १८७९ सालीं फ्रेंच कॅथॉलिक पाद्री आले. मुतेसा राजा धूर्त होता. तो सर्वांचें ऐके, पण कोणाच्याच हातीं सांपडेना. राजवाड्यांतील तरुण सेवक मात्र लिहूंवाचूं लागले आणि त्यांचे तट पडले.

पुढें मुतेसाचा मुलगा म्वांगा गादीवर आला. त्यानें ख्रिस्ती झालेल्या कित्येक सेवकांस ठार केलें. ता. ३ जून १८८६ रोजीं नामुगोंगो येथें अनेकांस जिवंत जाळलें. मरतांना कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट एकत्र होते, पण जगले ते एकत्र राहिले नाहींत! १८८८ सालीं सर्व पक्षांनीं मिळून म्वांगाला पदच्युत केलें. मग मुसलमान पक्षानें ख्रिस्त्यांस हांकललें, ख्रिस्त्यांनीं परत येऊन मुसलमानांस पाडलें, आणि १८९२ सालीं मेंगो येथें ख्रिस्तीच ख्रिस्त्यांवर तुटून पडले. इंग्रज कंपनीचा कॅप्टन लुगार्ड याच्या मॅक्सिम तोफेनें प्रॉटेस्टंटांस जय दिला. दोन वर्षांनीं सारें राज्य इंग्रजांच्या छत्राखालीं गेलें. सरदारक्याही धर्म पाहून वांटल्या गेल्या.

आतां खरी मेख पहा. १९०० च्या करारानें हजार सरदार व मातबर मंडळी यांच्या वांट्यास ८,००० चौरस मैल जमीन आली. ती घेणाऱ्यांत प्रॉटेस्टंट अपोलो कागवा होते, कॅथॉलिक स्टॅनिस्लास मुग्वान्या होते, आणि मुसलमानांचे पुढारी म्बोगोही होते. देवासाठीं भांडणारे जमिनीच्या पंगतीला मात्र शेजारीं शेजारीं बसले! पिढ्यान्‌पिढ्या केळीची बाग राखणारा शेतकरी कूळ झाला. त्याच्या खंडास कायद्यानें हद्द घालण्यास १९२८ साल उजाडावें लागलें.

या चढाओढींत सारेंच वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. एका मिशननें शाळा, दवाखाना काढला कीं दुसरें काढी, त्यांतून गरिबांचीं मुलें शिकलीं. पण तट मोडले नाहींत. १९६२ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां एक राजकीय पक्ष कॅथॉलिकांचा व दुसरा प्रॉटेस्टंटांचा म्हणूनच ओळखला जाई. २०१४ च्या खानेसुमारींत शेंकडा ३९ कॅथॉलिक, ३२ अँग्लिकन, १४ मुसलमान आणि ११ नव्या पेंटेकोस्टल पंथाचे लोक भरले. म्हणजे चढाओढ अजून चालूच आहे.

बंधूंनो, ज्यानें त्यानें आपला देव खुशाल भजावा. पण धर्माचा झेंडा घेऊन कोणी दारीं आला, तर त्यास एवढेंच विचारा: जय झाल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर नांव कोणाचें लागणार?