आदळणाऱ्या ताऱ्यांच्या पोटात



चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याची साक्ष देणारा इ. स. १२०७ चा शिलालेख खानदेशाचे भूषण आहे. आचार्यांना न्यूट्रॉन तारे ठाऊक होते, असे सांगून त्यांची थोरवी वाढत नाही. आकाशाचे मोजमाप घ्यावे, गणित मांडावे आणि मगच बोलावे, ही त्यांची शिस्त. आजचा विषय त्याच शिस्तीचा आहे.

सूर्याहून काहीसे अधिक द्रव्य जळगाव ते भुसावळ एवढ्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबले गेले की न्यूट्रॉन तारा होतो. अणुकेंद्राच्या घनतेचे द्रव्य घन सेंटीमीटरभर घेतले तरी त्याचे वजन सुमारे २७ कोटी टन भरेल. ताऱ्याच्या गाभ्यात दाटी याच्याही कित्येक पट. प्रत्येक न्यूट्रॉनात तीन क्वार्क बंदिस्त असतात. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ बांधल्यावर कोणता कापूस कोणत्या बोंडातला, हे सांगता येत नाही. तसेच पराकोटीच्या दाबाखाली न्यूट्रॉनांच्या सीमा पुसल्या जाऊन क्वार्क मोकळे होत असतील काय? हा खरा प्रश्न.

असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात. त्यांच्यात धुळे-जळगाव एवढे, सरळ रेषेत ऐंशी-एक किलोमीटर अंतर उरते, तेव्हा सेकंदाला शंभराहून अधिक प्रदक्षिणा होत असतात आणि टक्कर पाव सेकंदाच्या आत होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील अशाच टकरीच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय दुर्बिणीनेही पुढे तिचा रेडिओ प्रकाश पाहिला.

२०१९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी संगणकावर अशा टकरी घडवून पाहिल्या. क्वार्क द्रव्य तयार झाले, तर उरलेला गोळा अधिक आकसतो आणि टकरीनंतरच्या लहरींचा स्वर अपेक्षेहून उंच जातो, असे त्यांना आढळले. तो स्वर सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांचा असतो. नेमका तोच २०१७ मध्ये ऐकू आला नाही, कारण तेथे यंत्रांचा कान मंद आहे. 'क्वार्क तारा सापडला' अशा मथळ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. सूर्याच्या दुप्पट वजनाचे न्यूट्रॉन तारे आढळल्याने एवढा भार न पेलणाऱ्या मऊ क्वार्क द्रव्याच्या कल्पना मात्र बाद झाल्या आहेत.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया वेधशाळेसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन बाहूंमुळे टकरीची दिशा अधिक नेमकी कळेल. परंतु तो उंच स्वर स्पष्ट ऐकण्यासाठी याहून मोठी यंत्रे लागतील. युरोपातील आराखड्यात दहा किलोमीटरचे बाहू आहेत, अमेरिकेतील आराखड्यात चाळीसचे.