इंग्रजी बोलणारास जड जाणाऱ्या भाषा

आज आम्ही जो विषय घेऊन आपल्यापुढें उभे आहों तो ऐकून कोणी म्हणेल कीं, नांगर धरणाराला आणि भाता ओढणाराला याचा काय उपयोग? विषय असा कीं, ज्यांची जन्मभाषा इंग्रजी आहे त्यांना परक्या भाषांपैकीं कोणत्या भाषा शिकण्यास सर्वांत जड जातात. उपयोग आहे, आणि तो तुमच्या-आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचणारा आहे. आपल्याकडे इंग्रजी येणें म्हणजे अक्कल असणें आणि इंग्रजींत अडखळणें म्हणजे डोकें नसणें, अशी समजूत घट्ट रुतून बसली आहे. मुलगी हिशेबांत चोख असो, मुलगा बैलाचें दुखणें नुसत्या चालीवरून ओळखणारा असो. इंग्रजीच्या पुस्तकापुढें थबकलीं कीं ‘यांच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं’ असें म्हणून आपण मोकळे होतों. तर मग ज्याच्या आईच्या दुधाबरोबर इंग्रजी आली, तो स्वतः दुसऱ्याची भाषा शिकावयास बसतो तेव्हां त्याची काय गत होते, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

हा हिशेब ऐकीव नाहीं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची, परदेशीं जाणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना तयार करणारी एक संस्था आहे. तिचें नांव फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट. ती १९४७ सालीं स्थापन झाली. तेथें वर्षानुवर्षें अनेक भाषा शिकवून, कोणत्या भाषेला किती वेळ द्यावा लागतो याचा अनुभव जमा झाला, आणि त्यावरून संस्थेनें भाषांचे वर्ग पाडले. कामकाज नीट चालविण्याइतकी भाषा बोलतां-वाचतां आली पाहिजे, ही कसोटी. पहिल्या वर्गांत फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, डच अशा भाषा येतात. त्यांना सुमारें २४ ते ३० आठवडे पुरतात. जर्मन, इंडोनेशियन, स्वाहिली यांना सुमारें ३६ आठवडे. त्यापुढें कठीण भाषांचा वर्ग. त्यांत रशियन, तुर्की, फिनिश आणि आपल्या देशांतील हिंदी, बंगाली, तामिळ, तेलुगु. यांना सुमारें ४४ आठवडे, म्हणजे शिक्षकापुढें बसून सुमारें ११०० तास. आणि सर्वांच्या वर अति कठीण म्हणून ज्या मोजल्या त्या चिनी, जपानी, कोरियन व अरबी. यांना ८८ आठवडे, म्हणजे सुमारें २२०० तास!

आतां हा फरक कां पडतो तें पाहूं. फ्रेंच सोपी जाते याचें एक कारण इतिहासांत आहे. १०६६ सालीं फ्रान्सच्या उत्तर भागांतील नॉर्मंडीच्या सरदारानें इंग्लंड जिंकलें, आणि त्यानंतर कित्येक पिढ्या तेथील दरबारांत व कोर्टांत फ्रेंच भाषा चालली. त्यामुळें हजारों फ्रेंच शब्द इंग्रजींत मुरले. लिपीहि एकच. तेव्हां इंग्रजी बोलणारा फ्रेंच शिकतो तो बांधापलीकडल्या शेतांत पाय टाकल्यासारखा शिकतो. माती तीच, पीक ओळखीचें. जर्मन तर इंग्रजीची चुलत बहीण. पण तिच्यांत नामांचीं लिंगें तीन, विभक्तीच्या खुणा वेगळ्या आणि क्रियापद पुष्कळदां वाक्याच्या शेवटीं जाऊन बसणारें. म्हणून तिला थोडा अधिक वेळ.

हिंदीला स्पॅनिशच्या जवळजवळ दीडपट वेळ कां लागतो, हें मराठी माणसाला सहज समजेल, कारण तेच खडे मराठींतहि आहेत. आपण ‘तो दगड, ती माती, तें शेत’ असें न शिकतां म्हणतों. इंग्रजींत निर्जीव वस्तूला असें लिंग नाहीं. तेथें दगड, माती आणि शेत सगळीं सारखीं. आपण ‘घोडा’ म्हणतों पण ‘घोड्याला’ घांस घालतों. ‘विहीर’ म्हणतों पण ‘विहिरींत’ उतरतों. नामानें प्रत्यय लागतांच असें रूप बदलावें, हें इंग्रजी बोलणाराला नवीन. ‘ताक’ आणि ‘टाक’, ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला फरक तर पुष्कळदां त्याच्या कानालाच लागत नाहीं. कान बहिरा नसतो; लहानपणापासून तो फरक ऐकण्याची त्याला गरज पडलेली नसते, एवढेंच. आणि ‘ळ’ हें अक्षर त्याच्या भाषेंत नाहींच, मग त्याची जीभ तेथें वळणार कशी?

आतां त्या चार अति कठीण भाषांकडे वळूं.

चिनी भाषेचें व्याकरण तसें साधें आहे. क्रियापद काळ, लिंग किंवा वचन यांप्रमाणें बदलत नाहीं. पण शब्दाचा सूर बदलला कीं अर्थ बदलतो. ‘मा’ हा उच्चार एका सुरांत आई, दुसऱ्यांत वाखाचें झाड, तिसऱ्यांत घोडा आणि चवथ्यांत रागावणें. इंग्रजींतहि सूर चढतो-उतरतो, पण तो प्रश्न किंवा राग दाखविण्यास. शब्दाचा अर्थ ठरविण्यास नव्हे. त्यावर लिपीचा डोंगर. आपल्याप्रमाणें थोडक्या अक्षरांची बाराखडी घोकली कीं सगळें वाचतां आलें, असें तेथें नाहीं. चीन सरकारनें २०१३ सालीं जी प्रमाण यादी काढली तींत ८१०५ अक्षरचिन्हें आहेत, आणि नित्याच्या वापराचीं म्हणून त्यांतलीं पहिलीं ३५०० वेगळीं काढलीं आहेत.

जपानी लोकांनीं हींच चिनी चिन्हें घेतलीं, त्यांत स्वतःच्या दोन अक्षरमाला मिळविल्या, आणि तीनहि प्रकार एकाच ओळींत लिहूं लागले. सामान्य वापरासाठीं तेथील सरकारनें २०१० सालीं ठरविलेलीं चिन्हें २१३६ आहेत. बरें, एका चिन्हाचा उच्चार तरी एकच असावा? तोहि नाहीं. जन्म किंवा जीवन या अर्थाचें चिन्ह एका शब्दांत ‘सेइ’, दुसऱ्यांत ‘शो’, तिसऱ्यांत ‘नामा’ असें वाचावें लागतें.

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. शब्दांतील जागेप्रमाणें अक्षराचा आकार बदलतो आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहींत; वाचणारानें ते ओळखून घ्यावयाचे. शब्द घडविण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. तीन व्यंजनांचें एक बीज, आणि त्यापासून फुटलेल्या अनेक फांद्या. क, त, ब हें लिहिण्याचें बीज. त्यापासून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे लिहिण्याची जागा. शिवाय ग्रंथांची व वर्तमानपत्रांची अरबी एक, आणि इजिप्तच्या बाजारांतली किंवा मोरोक्कोच्या गांवांतली बोलण्याची अरबी दुसरी. म्हणजे शिकणाराला एका भाषेच्या नांवाखालीं दोन भाषांची मेहनत.

कोरियन भाषेची गोष्ट आमच्या वाचकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. कोरियांत पूर्वीं चिनी चिन्हांतच लिहीत. तीं शिकण्यास वर्षें लागत, म्हणून लिहिणें-वाचणें थोड्या घराण्यांच्या हातीं राहिलें. सेजोंग नांवाच्या राजानें सामान्य रयतेला आपल्या मनांतलें लिहितां यावें म्हणून नवी सोपी लिपी तयार करविली आणि १४४६ सालीं ती प्रसिद्ध केली. दरबारांतील कांहीं विद्वानांनीं तिला विरोध केला. ती मागें पडली, पण मेली नाहीं. आज तिचीं मूळ अक्षरें २४ आहेत आणि थोड्या दिवसांत तीं शिकतां येतात. तरीहि कोरियन भाषा इंग्रजी बोलणाराला अति कठीणच वाटते. कां? वाक्याची ठेवण उलटी, आणि समोरच्याच्या मानाप्रमाणें क्रियापदाचा शेवट बदलणारा. इंग्रजींत लहानाला आणि थोराला, दोघांनाहि ‘यू’ हा एकच शब्द.

पण थांबा! थोरामोठ्यांप्रमाणें क्रियापद बदलणें हें तुम्हांआम्हांला नवीन आहे काय? पोराला आपण ‘ये’ म्हणतों, मामांना ‘या’ म्हणतों, पाहुण्याला ‘यावें’ म्हणतों. हें आपल्याला कोणी शाळेंत शिकविलें नाहीं. तसेंच जपानींत ‘वाताशी वा गोहान ओ ताबेरु’ म्हणतात. वाताशी म्हणजे मी, गोहान म्हणजे भात, ताबेरु म्हणजे खातो. मी भात खातो! शब्दांची रांग हुबेहूब मराठीची, क्रियापद शेवटीं. ‘वा’ आणि ‘ओ’ हे शब्दामागें लागतात, जसे आपले प्रत्यय लागतात. इंग्रजी बोलणाराला मात्र ‘मी खातो भात’ अशी संवय असल्यामुळें प्रत्येक वाक्य उलटें करून विणावें लागतें. अरबी शब्द तर आपण रोज बोलतों आणि आपल्याला पत्ताहि नसतो. जिल्हा, तालुका, अर्ज, वकील, हुकूम, मालक, जमा, खर्च, हिशेब, हे सगळे मूळ अरबी. बरेचसे फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आले. जपानी लिपी आम्हांलाहि जड जाईल, चिनी सूर आम्हांलाहि चकवतील, यांत शंका नाहीं. पण सगळाच डोंगर त्याच्याएवढा नाहीं.

तेव्हां, बंधुभगिनींनो, यांतून निघणारी गोष्ट एकच. भाषा मुळांत सोपी किंवा अवघड नसते. ती जवळ असते किंवा दूर असते. चीनमधलें मूल इंग्रज मुलाइतक्याच वयांत बोलूं लागतें. तेथील शेतकऱ्याला आपली भाषा अति कठीण आहे हें माहीतहि नसतें. कोस मोजावयाचे ते आपल्या दारापासून मोजावयाचे. आणि इंग्रजी बोलणाराच्या दारापासून हिंदी जर ११०० तासांवर असेल, तर आपल्या दारापासून इंग्रजी कांहीं वेशीवर नाहीं. उलट बाजूचा आंकडा नेमका तोच येईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण मधलें रान तेंच आहे. आपल्या मुलाला इंग्रजींतले ‘ए’ आणि ‘दि’ कोठें घालावे हें उमगत नाहीं, तें आपल्या भाषेंत त्यांना जागाच नाहीं म्हणून. त्या साहेबाला ‘पळ’ आणि ‘फळ’ एक वाटतात, तशीच ही अडचण. त्याला आपण मंदबुद्धि म्हणत नाहीं. मग आपल्याच लेंकराला कां म्हणावें?

दुसरी गोष्ट वेळेची. ते अमेरिकन अधिकारी वयानें प्रौढ, शिकलेले, पगार घेऊन शिकणारे. तेवढ्या काळांत भाषा शिकणें हेंच त्यांचें काम. लहान वर्ग, चांगला शिक्षक, आठवड्याला सुमारें २५ तास, शिवाय घरचा अभ्यास. आतां आपल्या मुलाचा हिशेब मांडा. रोज एक तास आणि वर्षाचे २०० दिवस धरले तर वर्षाला २०० तास झाले. ११०० तास भरण्यास साडेपांच वर्षें लागतील, २२०० भरण्यास अकरा. त्यांतहि वर्गांत चाळीस-पन्नास मुलें असलीं, तर एकेकाला तोंड उघडण्यास किती क्षण मिळणार? सुगीच्या दिवसांत शाळा बुडते ती वेगळीच. तासच भरले नाहींत आणि दोष मात्र डोक्याला! लोखंड तापलें नाहीं तोंवर लोहार घण मारीत नाहीं आणि लोखंडाला शिव्याहि देत नाहीं. तो भाता ओढतो.

हें कष्टाचें काम कष्टकऱ्याच्या हातून होतें, याचा दाखला आपल्या मराठीच्या इतिहासांतच आहे. विल्यम केरी हा इंग्लंडांतील एका विणकराचा मुलगा. त्यानें जोडे शिवण्याचा धंदा केला आणि धंदा करतां करतां भाषा शिकला. धर्मप्रचारासाठीं तो १७९३ सालीं बंगाल्यांत आला. कंपनी सरकारनें आपल्या नव्या अधिकाऱ्यांसाठीं १८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढलें. तेथें तो देशी भाषा शिकवूं लागला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहून, वैजनाथ नांवाच्या पंडिताच्या साहाय्यानें त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं कोश छापला. पुढें मोल्सवर्थ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें, सोबती व शास्त्री यांच्या मदतीनें, मराठी-इंग्रजी कोश केला तो १८३१ सालीं निघाला, आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. आजहि मराठीचे अभ्यासक तो उघडतात. या दोघांना मराठी सोपी होती म्हणून आली नाहीं. वेळ मिळाला, बोलणारा माणूस जवळ मिळाला आणि चिकाटी होती, म्हणून आली.

म्हणून आमचें आपल्याला एवढेंच सांगणें आहे. मुलाला मंद म्हणण्यापूर्वीं त्याचे तास मोजा. शाळेंत जाऊन विचारा कीं, या विषयाचे तास खरोखर भरतात काय, आणि मुलाला बोलावयास मिळतें काय. घरीं त्याच्या चुकीला हंसूं नका. चुकल्याशिवाय सुतारालाहि रंधा धरतां येत नाहीं. मुलींचे तास धुण्या-भांड्यांत बुडवूं नका. आणि आपली घरची बोली गांवठी म्हणून टाकून देऊं नका; परक्या भाषेचें अंतर मोजावयाचें तें तिच्या उंबऱ्यापासूनच. ज्या बोलीच्या ओळखीच्या वाटांवर मोठमोठे अधिकारी महिनेंच्या महिने ठेंचाळतात, त्या बोलींत तुमचें पोर चार वर्षांचें असतांना भांडतें, रुसतें आणि गोष्ट सांगतें. तें डोकें कमी प्रतीचें नव्हे.