चेहऱ्याचा रंग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त घेतलेल्या बालचित्रकला स्पर्धेच्या पारितोषिक-वितरणप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर चार शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. मी केंद्र सरकारच्या सेवेतील एक अधिकारी. माझी तीस वर्षे जमाखर्चाच्या आकड्यांत गेली. चित्रकलेचे शिक्षण म्हणाल, तर बी. ए. च्या पदवीपलीकडे माझ्यापाशी काही नाही, आणि त्या पदवीचा चित्रकलेशी काडीचा संबंध नाही. तरीही परीक्षकांत माझे नाव घातले गेले. गुणांची बेरीज तरी बिनचूक व्हावी, एवढाच हेतू त्यामागे असावा. बेरीज बिनचूक झाली. चूक झाली ती गुण देताना, आणि ती माझ्या हातून झाली. आजचे माझे बोलणे त्या चुकीविषयी आहे.

स्पर्धेचा विषय होता ‘पुराणातील व इतिहासातील व्यक्तिरेखा’. मुलांनी रेखाटन स्वतः करायचे आणि मार्करने रंगवायचे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी या साधनाचा थोडा परिचय करून देतो. आपल्या लहानपणी मेणाचे खडू आणि जलरंगाच्या वड्या होत्या. आज गोलबाजारात गेले, तर रंगीत मार्करचे संचच्या संच दिसतात. त्यांना बहुधा दोन टोके असतात, एक रुंद आणि एक बारीक किंवा कुंचल्यासारखे. आत अल्कोहोलमध्ये विरघळविलेला रंग असतो. कागदावर टेकताच अल्कोहोल क्षणार्धात उडून जाते आणि रंग कागदात मुरतो. जपानमध्ये १९८७ साली निघालेल्या ‘कोपिक’ मार्करांनी हे साधन जगभरच्या चित्रकारांच्या हाती पोहोचविले. आता त्याच धर्तीचे स्वस्त संच आपल्या मुलांच्या दप्तरातही आले आहेत.

या रंगाचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. तो पारदर्शक असतो. एकाच मार्करचा हात वाळल्यावर पुन्हा फिरविला, की छटा गडद होते. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचे. गडद झालेले पुन्हा उजळ करता येत नाही आणि खोडरबराचा तेथे उपयोग नाही. पांढरे जे ठेवायचे ते कागदाचेच पांढरे, आधीपासून राखून ठेवायचे. रेखाटनाची शाई अल्कोहोलने न विरघळणारी हवी, नाहीतर रेघा पसरतात. कागदाखाली आणखी एक कागद ठेवायला हवा, कारण रंग पाठीमागे झिरपतो. चेहरा रंगविताना प्रथम सर्वांत फिकी छटा पसरायची आणि नाकाच्या शेंड्यावरची, ओठावरची चमक मोकळी सोडायची. मग भुवईखाली, नाकाच्या बाजूला, हनुवटीखाली दुसरी छटा, आणि अगदी खोलगट भागी तिसरी. दोन छटांच्या सांध्यावरून फिका मार्कर फिरविला, की सांधा विरून जातो. सावळा चेहरा रंगविणे अधिक कौशल्याचे काम आहे. तेथे पहिलीच छटा उबदार तपकिरी घ्यावी लागते. सावलीसाठी काळा रंग वापरला, तर चेहरा निर्जीव होतो, म्हणून तांबूस तपकिरी किंवा जांभळट छटा वापरतात. हे सारे मला एका अकरा वर्षांच्या मुलीने शिकविले. तिच्याकडे मी आता येतोच.

साधन नवे असले, तरी कागदाचा उजेड राखण्याची ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हाती निरांजन घेतलेल्या स्त्रीचे एक चित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, १९४५ च्या सुमाराचे जलरंगातील चित्र आहे, आणि त्यासाठी उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. ज्योतीचा प्रकाश बोटांतून झिरपून चेहऱ्यावर पडला आहे. जलरंगात हा उजेड वरून लावता येत नाही, तो राखावा लागतो.

रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून देवादिकांची चित्रे छापली जात, आणि ती घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोहोचली. त्यानंतर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर आले. दलालांचा ‘दीपावली’ अंक १९४५ पासून निघू लागला. परप्रांतातील मराठी घरांत दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ हीच आमची चित्रशाळा होती. ही थोर माणसे. त्यांच्या पायांशी बसण्याचीही माझी योग्यता नाही. पण देव्हाऱ्यातल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या असंख्य छापील तसबिरी पाहून आमच्या डोळ्यांना एक सवय लागली, हे मान्य केले पाहिजे. देवी, राणी, नायिका म्हटली की ती गोरीच असणार, आणि राक्षस काळाच असणार. मुलांच्या रंगपेटीतल्या फिक्या गुलाबी खडूला आपण अजूनही ‘अंगाचा रंग’ म्हणतो. अंगाचा म्हणजे कोणाच्या अंगाचा, हे आपण कधी विचारले नाही. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने अशा खडूचे ‘त्वचा’ या अर्थाचे नाव १९६२ सालीच बदलून त्याला पीच या फळाचे नाव दिले, आणि २०२० साली माणसाच्या वर्णाच्या चोवीस छटांची पेटी काढली. कोपिकच्या क्रमवारीत तर त्वचेच्या बहुतेक छटा मातीच्या वर्गात येतात. मला हे वर्गीकरण फार आवडले.

आता माझ्या चुकीकडे येतो. एका मुलीने द्रौपदी काढली होती. मोकळे केस, मान किंचित वळलेली, डोळ्यांत राग. वर्ण मात्र गडद तपकिरी. मी रंगसंगतीला वीसपैकी बारा गुण दिले आणि शेऱ्यात लिहिले, ‘रेखाटन उत्तम. चेहऱ्याचा रंग अधिक उजळ हवा होता.’ निकाल फलकावर लागला. तिसरे पारितोषिक तिचे तीन गुणांनी हुकले आणि तिला उत्तेजनार्थ मिळाले. चित्रे परत देताना ती मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, द्रौपदी गोरी होती का?”

मी म्हणालो, “राजकन्या होती ना ती, बाळ.”

“मग तिचं नाव कृष्णा का?” ती म्हणाली. “आजी सांगते, ती सावळी होती म्हणून. आणि मी आईचा हात समोर ठेवून रंग लावलाय. पाच मार्कर लागले.”

मला उत्तर सुचले नाही. मग तिनेच मला पाचही मार्कर दाखविले, आणि कोणता कोठे लावला तेही सांगितले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. द्रौपदी सावळी, म्हणूनच कृष्णा. तिची कथा सांगणारे व्यास सावळे, म्हणून कृष्णद्वैपायन. आमचा पंढरीचा विठ्ठल सावळा. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण माझी झोप उडाली ती पुराणामुळे नव्हे.

मी राजनांदगावला शाळेत होतो. १९८३ ची गोष्ट. ताईच्या लग्नाचे पाहत होते. ताई सावळी. स्थळांकडे पाठविण्यासाठी तिचा फोटो काढला. फोटो काळा-पांढरा. फोटोवाल्याने काडीला कापूस गुंडाळून त्यावर हाताने रंग चढविले. साडी हिरवी केली, बांगड्या पिवळ्या केल्या, आणि चेहरा गुलाबी-गोरा केला. वडिलांनी त्याला दोन रुपये वर दिले. पुढे एक मंडळी पाहायला आली. मुलाच्या आईने हातातला फोटो पाहिला, मग ताईकडे पाहिले आणि विचारले, “हा फोटो दुसऱ्या मुलीचा आहे का?” पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. ताईने त्या उचलून आत नेल्या. मी दारात उभा होतो. आत ती रडली नाही. तिने बशा घासल्या आणि पालथ्या घातल्या.

पुढे ताईचे लग्न झाले, संसार उत्तम झाला. पण तो फोटो तिने कधी भिंतीवर लावला नाही. हे सारे डोळ्यांनी पाहिलेला मी, चाळीस वर्षांनी एका मुलीच्या चित्रावर ‘अधिक उजळ हवा होता’ असा शेरा मारतो. त्या फोटोवाल्याला मी आजवर मनात दोष देत आलो. त्याच्या हाती कापूस होता, माझ्या हाती लाल पेन.

निकाल बदलावा असे मी सुचविले नाही. ज्या बालकाला तिसरे पारितोषिक मिळाले आहे, त्याने ते स्वतःच्या मेहनतीने मिळविले आहे. त्याचा आनंद हिरावणे हा दुसरा अन्याय झाला असता. परंतु आमच्या खात्यात चूक आढळली, की मूळ नोंद खोडायची नसते. तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करून सही करायची असते. आज आपणा सर्वांसमक्ष मी ती करीत आहे. त्या चित्राला रंगासाठी बारा नव्हे, अठरा गुण हवे होते.

पालकांना माझी एकच विनंती आहे. भोसल्यांचे राज्य येथे १८५४ पर्यंत होते. काही घराणी तेव्हापासून या मातीत आहेत, काही माझ्यासारखी नोकरीपाठोपाठ आली. छत्तीसगढच्या उन्हाने आपणा सर्वांना रंग दिला आहे. मुले घरी चित्र रंगवायला बसली, म्हणजे त्यांना कॅलेंडर दाखवू नका. आपला हात कागदाशेजारी ठेवा आणि म्हणा, याच्याकडे पाहून रंग निवड. एक मार्कर पुरणार नाही. चार-पाच लागतील, आणि वेळही लागेल.

ते चित्र व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर, खालून दुसऱ्या ओळीत आहे. कार्यक्रमानंतर आपण सर्वांनी ते जवळून पाहावे. ताईही आज सभागृहात आहे. मी तिला ते आधीच दाखविले आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगढ!