ऑपरेशन फुकट, पुढचं काय?

(नवी मुंबईतील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



वस्तीतल्या बायका मला वरचेवर विचारतात, "ताई, सरकारी कार्डावर थेरपी कुठे होते?" आज याच प्रश्नावर बोलायचं आहे.

व्यवसायोपचार म्हणजे धंदेशिक्षण नव्हे. अर्धांगवायू, भाजणं, अपघात यांनंतर जेवणं, कपडे घालणं, मशीन चालवणं अशी रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठीचा हा उपचार. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांनाही तो लागतो. आपल्या देशात याचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं, आणि ते सुरू केलं एका बाईनं, कमलाबाई निंबकरांनी. विद्या इतकी जवळ आहे. मग ती गरीब बाईपर्यंत का पोचत नाही?

योजनांची रचनाच तशी आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. व्यवसायोपचार मात्र घरून येऊन-जाऊन, महिनोन् महिने घ्यावा लागतो. फुले योजनेत घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा साधारण १० दिवसांचा. तुर्भ्याच्या एका धुणंभांडी करणाऱ्या बाईचा उजवा हात भाजला. त्वचारोपण कार्डावर झालं. पुढे "व्यायाम करा" एवढंच सांगितलं गेलं. बोटं आखडली, चार घरची कामं सुटली. कागदोपत्री ऑपरेशन यशस्वी!

राज्य कामगार विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचार मिळतात. वाशीला या योजनेचं रुग्णालय आहे. २०१७ साली पगाराची मर्यादा दरमहा २१,००० रुपये झाली. पण घरकामगार बाई यात बसत नाही. कंपनीत कंत्राटावर असाल तर पगारातून विम्याचे पैसे कापले जातात का, ते विचारा आणि आपला विमा क्रमांक मागून घ्या. नवऱ्याचा विमा असेल तर त्यावर बायको-मुलांची नावं नोंदलेली आहेत ना, तेही पाहा. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा विमा त्याच्याच खिशात राहतो, हे आपण रोज पाहतो.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो, मात्र त्याला वेगळी मर्यादा आहे. इथे "कार्ड घेणारा" तज्ज्ञ शोधावा लागत नाही. आधी आपण पैसे भरायचे, मग बिलं पाठवायची. म्हणून प्रत्येक वेळची सही-शिक्क्याची पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. तज्ज्ञाची नोंदणी आहे का, हेही विचारा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधी काढा. मुलांसाठी वाशीच्या महापालिकेच्या इ.टी.सी. केंद्रातही चौकशी करा.

आता आपल्या मनातलं बोलू. मुलाला थेरपीला कोण नेतं? आईच. तिचा रोज बुडतो, तो कुठल्याच योजनेच्या हिशेबात धरलेला नाही. आणि तिचाच हात अधू झाला तर? भाकरी थापता आली की "बाई बरी झाली" असं घरचे ठरवतात. तिला कमवायला जाता येतं का, स्वतःचे केस विंचरता येतात का, हे कोणी विचारत नाही. तज्ज्ञाकडे गेल्यावर आपल्याला काय करता यायला हवं आहे, ते आपणच सांगायचं.

एकेकटीनं खिडकीवर विचारलं की "इथे नाही" एवढंच उत्तर मिळतं. चौघीजणी मिळून जाऊ, लेखी अर्ज देऊ, लेखी उत्तर मागू. मागण्या दोनच: फुले योजनेत ऑपरेशननंतरचा व्यवसायोपचार महिनोन् महिने धरला जावा, आणि पालिकेच्या रुग्णालयांत तो संध्याकाळी, बायकांची कामं आटोपल्यावर मिळावा. आपापल्या वस्तीत अशा किती बायका आणि मुलं आहेत, त्याची यादी पुढच्या बैठकीला घेऊन या. अर्ज त्या यादीसकट देऊ.